रुमालातले शंभर ग्रॅम

घोटाळा केला तो वैभव सरांनी. ही गोष्ट सांगणारेही तेच, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. लालबागच्या मिरची गल्लीत विचारलंत तर शेंबडं पोरही त्यांच्याकडे बोट दाखवेल. शिक्षण देवरूखला, नोकरी परळच्या एका मराठी शाळेत, गणिताची, लागून आठच महिने झालेले. कुठली गोष्ट कुणासमोर काढायची नसते हे त्यांना ठाऊक नव्हतं. देवरूखात सगळ्यांचं सगळं सगळ्यांना माहीतच असतं, तिथे हा प्रश्न येत नाही. असो. यापुढे त्यांना गोष्टीत जागा थोडी, कारण गोष्ट मालन तुळसकरची आहे.

मार्चमधली नववीची पालकसभा. मुख्याध्यापिका मेघना मॅडमनी यादी तयार ठेवली होती, दहावीत पाठवायची नाहीत अशा मुलांची. शाळेचा निकाल चार वर्षं शंभर टक्के लागत होता, आणि शंभर टक्के लावायची खात्रीची युक्ती म्हणजे अडणारी मुलं आधीच गाळणं. यादीत पहिलं नाव अनुजा तुळसकर. श्रुतलेखनात वीसपैकी दोन. उत्तरपत्रिका अशी, की मुंग्यांच्या रांगेवर कुणी फुंकर मारली आहे. पण हीच पोरगी फळ्यावरचं गणित सरांचा खडू टेकायच्या आत तोंडी सोडवायची.

"मॅडम, ही मुलगी ढ नाही," वैभव सर भर सभेत उठून म्हणाले. "पाच मिनिटं द्या, दाखवतो."

अनुजाची आत्या मालन, मिरची गल्लीत मसाला कुटायचा डंक चालवायची. पोरगी सहा वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी स्टुलावर बसायची, आणि तीनशे घरांच्या मसाल्यांची मापं तिच्या डोक्यात होती. सरांनी तिला उभं केलं. परबांचा मसाला सात किलो मिरचीला? तिने सांगितला. घोडपदेवच्या पवारांचा, साडेतीन किलोला? सांगितला, अर्ध्या-पाव ग्रॅमचीही अडखळ नाही. पालक टाळ्या वाजवू लागले. कुणीतरी मोबाईल वर धरला. अशी दहा घरं झाली आणि सरांना अवसान चढलं. अकरावं घर त्यांनी डंकावरच्या एका ख्रिस्ती गिऱ्हाइकाचं काढलं.

"आणि व्हायोला मिसच्या घरचा बाटली मसाला?"

अनुजा क्षणभर थांबली, आणि एका दमात म्हणाली, "काश्मिरी मिरची दोन किलो, बेडगी एक, धणे एक. गहू अडीचशे, चणाडाळ अडीचशे. तीळ दोनशे, खसखस शंभर, हळकुंड दोनशे, जिरं शंभर. लवंग, दालचिनी, मिरी मिळून दोनशे. एकूण पाच किलो चारशे."

शेवटच्या बाकावरून मालन उठली होती, ती 'काश्मिरी मिरची'लाच. पुढचं तिने ऐकलं नाही. पस्तीस वर्षं डंकाशी झुंजलेला हात पोरीच्या कानाखाली बसला आणि अनुजा दोन बाकांच्या मधे जाऊन पडली. टाळ्या ऐकू येईनाशा झाल्या. मोबाईल मात्र चालू राहिला.

मग मालन सरांकडे वळली. "चष्मा काढा, सर."

"का?"

"काचेवर मी मारत नाय."

सरांनी चष्मा दोन्ही हातांनी घट्ट धरला. देवरूखात इतपत शहाणपण शिकवतात.

"बरं," मालन म्हणाली. "तुमची एक बाकी राहिली."

मालनने हे उगाच म्हटलं नव्हतं. बाकी ठेवायची नाही, या एका नियमावर तिचा जन्म गेला होता. कणकवलीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून आठव्या वर्षी ती काकाकडे लालबागला आली. काकाने महापालिकेच्या शाळेत घातली. पाटीवर 'त' काढला की तो उलटा बसायचा, 'न' त्याच्या मांडीवर चढायचा. मास्तर रोज तिच्या बोटांच्या पेरांवर पट्टीची धार मारायचे. सपाट बाजू नाही, धार. तीन वर्षं तिने घेतली. चौथीत एके दिवशी मास्तरांनी पट्टी उचलली तेव्हा तिने त्यांचं मनगट तोंडात धरलं, आणि वरचे दात खालच्या दातांना भेटेपर्यंत सोडलं नाही. त्या दिवशी शाळा सुटली ती कायमची.

मग मिरचीचे देठ खुडायचं काम. दिवसभर देठ खुडायचे आणि संध्याकाळी बोटं खोबरेल तेलात बुडवून बसायचं. एकोणिसाव्या वर्षी लग्न. नवरा गिरणीत होता; गिरणी बसली तशी त्याच्या हाताला दुसरं काम उरलं नाही. गिरणीतून आणलेला चामडी पट्ट्याचा तुकडा खुंटीला टांगलेला असायचा, त्याने तो मारायचा. मालनने दोन वर्षं मोजली. तिसऱ्या वर्षी, भर दुपारी, चाळीतल्या बायका पापड वाळत घालत असताना, तिने वरवंटा उचलून त्याच्या खांद्यावर घातला. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. मग तिनेच टॅक्सी करून त्याला इस्पितळात नेलं, दीड महिना स्वतःच्या हाताने भरवलं, आणि हाड जुळल्यावर एसटीत बसवून गावाला पाठवून दिलं. तो परत आला नाही. खुंटीवरचा पट्टा तिने डंकवाल्याला दिला. त्याच्या मशीनला कमी पडत होता.

"आपण पयला हात उचलायचा नाय," ती सांगायची, "आणि घेतलेला ठेवून घ्यायचा नाय. एकाला एक."

पुढे ती स्वतःच डंकावर आली. डंक म्हणजे चार लोखंडी मुसळं. मोटर त्यांना वर नेते आणि ती आपल्याच वजनाने खाली आदळतात, धप्प, धप्प, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. जमीन हलते, दात हलतात, बोलायचं ते ओरडून. उखळाच्या कडेचा मसाला हाताने आत लोटायचा, तोही मुसळ वर असताना. अठ्ठ्याण्णव साली मालनचा हिशोब अर्ध्या क्षणाने चुकला आणि डाव्या तर्जनीचं टोक परबांच्या मसाल्यात गेलं. तो सगळा फेकावा लागला. एवढा एकच मार आपल्याला फेडता आला नाही, असं ती अगदी गंभीरपणे सांगते.

गल्लीचाही एक नियम होता. गिऱ्हाईक जिन्नस आणतं, डंकवाली त्या घरच्या मापाने तो काट्यावर उघड्यावर घालते, रांगेतले सगळे बघतात. त्यात गुपित नाही. गुपित असतं ते रुमालात. प्रत्येक घरचा एक जिन्नस बाई कमरेच्या रुमालात बांधून आणते आणि शेवटच्या फेरीला स्वतःच्या हाताने उखळात सोडते. त्या वेळी डंकवालीने भिंतीकडे तोंड करायचं. कुटणावळ एकूण वजनावर, म्हणून रुमालाचं वजन एकुणात धरायचं. आत काय ते विचारायचं नाही. मालनने पस्तीस वर्षं भिंत बघितली. त्या भिंतीवरचे पोपडे तिला पाठ होते.

या घरात अनुजा आली ती चार वर्षांची असताना. मालनचा धाकटा भाऊ जयवंत शिवडीच्या गोदामात हमाल होता. कागदाच्या रिळांची थप्पी त्याच्यावर कोसळली, आणि ओळख पटवायला मालनला पायातली चप्पल बघावी लागली. वहिनीने पुढे दुसरं घर केलं. मालनने पोरीला कडेवर घेतलं आणि नियमात एक कलम वाढवलं, हिच्यावर हात नाही. अनुजा पाटीवर उलटा 'त' काढायला लागली तेव्हा मालनने स्वतःच्या पेरांकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला शांतपणे सांगितलं, "बाई, पोर माझी आहे. पट्टी लपवून ठेवा."

दहा वर्षं ते कलम पाळलं होतं. ते मोडलं वैभव सरांच्या सभेत, पोरगी आता व्हायोला मिसचा रुमालही उघडणार या धास्तीने.

तो मार असा लागला की अनुजा बोलेनाशी झाली. रुसली नव्हती. जेवायची, डंकावर यायची, स्टुलावर बसून पुड्या हातात द्यायची. पण "परबांचा जिरा किती गो?" विचारलं की भिंतीकडे तोंड करायची. मालनकडे यादी नव्हती, कधीच नव्हती. यादी म्हणजे अनुजा. चौथ्या दिवशी मालनने अंदाजाने परबांचा मसाला कुटला आणि बिघडवला.

तोवर शाळेतली बातमी गल्लीत फिरली होती. फिरताना बाळसं धरलं होतं. मालनच्या पोरीने रुमालासकट सगळ्यांचे मसाले भर सभेत सांगितले, आणि कुणीतरी ते मोबाईलवर घेतले. परबांची सून बिघडलेला डबा घेऊन आली, मागे घोडपदेवच्या दोघी जावा.

"सात पिढ्यांचा मसाला गावभर केलास, आणि आमच्या डब्यात ही माती भरलीस?"

एकीने केस धरले, दुसरीने डबा ओतला, आणि सुनेने पत्र्याचं झाकण फिरवलं ते मालनच्या कपाळाला उभं लागलं. रक्त भुवईवरून डोळ्यात, डोळ्यातून मसाल्यात. गल्ली श्वास रोखून उभी राहिली, कारण आता तिघींपैकी एखादीचं तरी हाड मोडणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. मालनने हात उचलला नाही. कपाळाला पदर लावला आणि म्हणाली, "चुकी आमची. मारा."

मार खाऊन घेणारी मालन बघून त्या तिघीच घाबरल्या आणि निघून गेल्या. चार टाके पडले.

व्हायोला मिस आल्या त्या भांडायला नाही. या शिवडीच्या ख्रिस्ती बाई, पन्नाशीच्या, शिकायला अडचण येणाऱ्या मुलांना शिकवायच्या आणि परळच्या एका मोठ्या इस्पितळात अशा मुलांच्या तपासणी विभागात आठवड्याचे दोन दिवस बसायच्या. दर उन्हाळ्यात बाटली मसाला, म्हणजे वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायचा त्यांच्या समाजाचा मसाला, कुटायला यायच्या, आणि अनुजाला खरं ओळखलं ते त्यांनीच. मागल्या वर्षी रांगेत बसल्याबसल्या त्यांनी पोरीला चिठ्ठी वाचायला दिली. तिला 'धणे' वाचायला पाऊण मिनिट लागलं. मग त्याच चिठ्ठीतली मापं त्यांनी तोंडी सांगितली आणि विचारलं, पावणेचार किलोला किती? उत्तर त्यांचा प्रश्न संपायच्या आत.

"मालन, ही पोर दोन बाजूंनी मरते," त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. "हुशार म्हणून तिची अडचण कुणाला दिसत नाही, आणि अडचण म्हणून हुशारी दिसत नाही. शाळेला वाटतं, कामचुकार."

तपासणीची तारीख त्यांनीच मिळवली होती, अठरा एप्रिल. प्रमाणपत्र मिळालं तर नववीची फेरपरीक्षा आणि पुढची दहावी अनुजाला लेखनिक घेऊन देता येणार होती: ती सांगणार, दुसरं मूल लिहिणार, वेळही जास्त. नाही मिळालं तर मेघना मॅडमची यादी पक्की. आणि त्या तपासणीत निम्म्याहून जास्त प्रश्न तोंडी होते.

"माझ्या सासूने हा मसाला मला लग्नानंतर सात वर्षांनी सांगितला," व्हायोला मिस आपले रिकामे डबे उचलत म्हणाल्या. "तुझ्या पोरीने सात मिनिटांत सांगितला."

"मिस, तारीख?"

"तारीख पोरीची आहे, ती राहील. घेऊन ये. मसाला मी दुसरीकडे कुटेन."

"ती बोलत नाय, मिस."

व्हायोला मिसनी कपाळावरच्या टाक्यांकडे पाहिलं, मग अनुजाच्या कानाकडे. कान अजून काळानिळा होता. "कुणी केलं हे?"

मालनने स्वतःचा हात पुढे केला. मिस डबे घेऊन गेल्या.

आता हितेंद्र. डंक ज्याच्या दुकानात, तो हा मालक. वय एकतीस, बापाने मिरचीचं दुकान ठेवलं, याने त्यात लॅपटॉप आणला. सभेतला व्हिडिओ त्याच्याकडे आला तेव्हा त्याला त्यात पोरगी दिसली नाही, पाकिटं दिसली. आठवड्यात त्याने दुसऱ्याच डंकावर वीस किलो बाटली मसाला कुटून घेतला, चकचकीत पिशव्यांत भरला आणि दादरच्या दोन दुकानांत ठेवला. तिसऱ्या दिवशी दुकानदार हसत फोनवर म्हणाला, "शेठ, एक म्हातारी आंटी वास घेऊन परत देऊन गेली. म्हणते, पिशवीत बाटली मसाल्याचं भूत आहे, मसाला नाही."

काहीतरी कमी होतं. काय, ते अनुजाला माहीत असणार, हे त्याने ताडलं.

सतरा एप्रिल, दुपारचे तीन. तपासणीला एक दिवस. मालन डंकावर, नाकाला फडकं बांधून. हितेंद्रने अनुजाला मिरचीची पोती मोजायला मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"लिहायचं नाही, तुला टेन्शन नको. फक्त बोल. काय राहिलं त्यात?"

अनुजा पोत्यांकडे बघत राहिली.

"शाळेत पोपट झाली होतीस ना? आता जीभ कुठे गेली? तुझी आत्या माझ्या दुकानात भाकरी खाते, माहीत आहे ना?" त्याने तिचं उजवं मनगट धरलं. "बोल." पिरगळलं. "एक शब्द." आणखी पिरगळलं, इतकं की ती गुडघ्यावर आली आणि तिचा गाल पोत्याच्या सुतळीवर घासला गेला. ती बोलली नाही. फक्त तोंडातून एक आवाज निघाला, बोक्याच्या तोंडात सापडलेल्या पिल्लाचा असतो तसा.

डंकाच्या धडधडीत तो कुणाला ऐकू येणं शक्य नव्हतं. मालनला आला. तिने पस्तीस वर्षांत पहिल्यांदा चालता डंक तसाच सोडला. उखळातली एक मूठ भरली, दुसऱ्या हातात खलाचा लोखंडी बत्ता घेतला.

नेमके त्याच वेळी वैभव सर माफी मागायला गल्लीत शिरले होते, हातात देवरूखहून आणवलेली आंबापोळी. मालनला आत धावताना बघून तेही धावले. देवरूखची माणसं भलत्या वेळी शूर होतात.

दार लाथेने उघडलं. हितेंद्र वळला तो ताज्या कुटलेल्या लवंगी मिरचीला सामोरा. मूठभर तिखट त्याच्या उघड्या डोळ्यांत आणि अर्ध्या उघड्या तोंडात गेलं. त्याचा आवाज फुटायच्या आत बत्ता मनगटावर आला. हाड मोडताना होणारा आवाज मालनला ओळखीचा होता, तो झाला. हितेंद्र पोत्यावर आपटला, डोळे चोळायला मोडकाच हात वर नेला आणि गुरासारखा हंबरला. खोली लाल झाली. धूळ उडाली ती मागून येणाऱ्या सरांच्या चष्म्याच्या फटीतून आत गेली, आणि सर आंबापोळीसकट उंबऱ्यात आडवे झाले.

मालन थांबली नाही. थांबण्याची रेषा ती ओलांडून गेली होती. चौथीतला मास्तर, गिरणीचा पट्टा, रिळांची थप्पी, आणि सगळ्यात वर स्वतःचाच हात, हे सगळं तिच्या खांद्यात येऊन बसलं होतं. बत्ता वर गेला आणि या वेळी खाली हितेंद्रचं डोकं होतं.

"आते."

महिन्याभरात पहिला शब्द.

"एकाक एक झाला. बस आता."

बत्ता वरच राहिला. मालनने पोरीकडे पाहिलं. अनुजा गुडघ्यावरच होती, मनगट पोटाशी धरून, डोळ्यांतून तिखटाचं पाणी गळत होतं, पण आवाज सरळ होता.

"तुझोच नियम मां तो?"

मालनने बत्ता खाली ठेवला. हळूच, काच ठेवावी तसा. बाहेर उखळात डंक एकटाच आदळत राहिला, शेवटी शेजारच्या दुकानदाराने येऊन बटण बंद केलं.

परळच्या त्याच मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात एका बाकड्यावर सगळी वरात बसली. हितेंद्र, मनगट फळीला बांधलेलं आणि डोळ्यांवर पट्टी. शेजारी सर, डोळे सुजून टोमॅटो झालेले. पलीकडे मालन आणि अनुजा. हवालदार वही घेऊन आला तेव्हा हितेंद्रने डोळ्यांच्या पट्टीआडूनच सांगितलं, पोती अंगावर पडली. अल्पवयीन मुलीचा हात बंद खोलीत का पिरगळला, हा प्रश्न पुढे येणार हे त्याला लॅपटॉपशिवाय कळलं होतं.

वरच्या मजल्यावरून व्हायोला मिस खाली आल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. त्यांच्या पर्समध्ये चकचकीत पिशवी होती, दादरला विकत घेतलेली, फोडलेली. वास घेऊन परत देणारी आंटी वेगळी. यांनी चव घेऊन बघितली होती, आणि मग व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकला होता. तीन वेळा. त्या सरांसमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही गणिताचे ना?"

"हो."

"मग बेरीज करा. दोन, एक, एक किलो."

"चार," सर म्हणाले, डोळे मिटूनच.

"गहू, चणाडाळ."

"साडेचार."

"तीळ दोनशे, खसखस शंभर, हळकुंड दोनशे."

"पाच."

"जिरं शंभर, वरचा गरम मसाला दोनशे."

"पाच किलो तीनशे."

"आणि पोरीने एकूण किती सांगितलं?"

टोमॅटोएवढे डोळे सरांनी कसेबसे उघडले. पाच किलो चारशे. भर सभेत, त्यांच्या तोंडासमोर, एका नववीतल्या मुलीने चुकलेली बेरीज मांडली होती आणि गणिताच्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"अकराही घरांचं तसंच आहे," मिस म्हणाल्या. "प्रत्येकात काहीतरी गायब. कुणाचं पन्नास, कुणाचं शंभर. एकूण मात्र बरोबर."

मालनला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती अनुजाकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "रुमालातला."

"तू भिंतीकडे तोंड करतंस," अनुजा म्हणाली. "मीव करतंय. वासान माका कळता काय आसा ता, वजनाव कळता. पण ता सांगूचा नसता. एकूण खोटा सांगूचा नसता. म्हणान एकूण सांगलंय."

"मग ह्या त्याच दिवशी सांगाक काय झाला हुता गो तुका?"

"तू मारलंस."

मालन उठली, पोरीसमोर फरशीवर मांडी घालून बसली आणि उजवा गाल पुढे केला. "मार. जोरात. बाकी ठेवू नको."

अनुजाने डावा हात उचलला. उजव्याला क्रेप बँडेज होतं. हात हवेत राहिला. तिने बाकड्यावरच्या सरांकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"सरांची एक तुझ्याकडे बाकी आसा मां?"

"आसा."

"ती आधीची. ती देऊन ये, मगे माझी घे."

सरांनी सुजल्या डोळ्यांवर पुन्हा चष्मा चढवला.

दुसऱ्या दिवशी तपासणीला अनुजा गेली आणि बोलली. तीन बैठका झाल्या. तिसरीला मानसशास्त्रज्ञ बाईंनी घड्याळ बाजूला ठेवलं, म्हणे त्याचा उपयोग नव्हता. प्रमाणपत्र आलं तेव्हा व्हायोला मिसनी ते नव्या डंकाशेजारी बसून मालनला वाचून दाखवलं. हो, नव्या; हितेंद्रने मालनला काढून टाकलं, तेव्हा चार दुकानं सोडून पलीकडे जागा मिळाली, आणि रुमालाची गोष्ट गल्लीत पसरल्यावर परबांची सून सगळ्यांत आधी डबा घेऊन आली. झाकण घरी ठेवून. कागदात लिहिलं होतं की मुलीची बुद्धी फार वरची आहे, आणि वाचन-लेखन तिसरीच्या पातळीवर अडलं आहे. दोन्ही खरं.

मालनने कागदावरून बिनटोकाचं बोट फिरवलं. "माझापण असाच हुता काय, मिस?"

"असेल. कुणी बघितलं नाही."

मालन आपली पेरं चोळत राहिली. "चावली ती बरी केली," ती शेवटी म्हणाली.

कागद घेऊन ती स्वतः शाळेत गेली. मेघना मॅडमनी टेबलावरचा पेपरवेट आधी खणात टाकला आणि मग बसा म्हणाल्या. हात उचलावा लागला नाही. नियम होता, नियमाप्रमाणे झालं. फेरपरीक्षेला लेखनिक मिळाला, यादीतून नाव गेलं. दहावीला नववीतली मानसी नावाची मुलगी लिहायला होती, भूमितीच्या पेपरानंतर ती हात झटकत बाहेर आली आणि म्हणाली, "ताई जरा श्वास घेत जा ना गं मधे." गणितात अठ्ठ्याण्णव. मराठीत पंचेचाळीस. निकालाच्या दिवशी मालनने पंचेचाळिसाचे पेढे वाटले. अठ्ठ्याण्णवचं काय, म्हणाली, ते तर पडायचेच होते.

व्हायोला मिसचा मसाला पुन्हा तिच्याकडेच कुटला जातो. ते शंभर ग्रॅम कशाचे, हे सरांना आजही माहीत नाही. बेरीज मात्र ते आता दोनदा करतात.

अधूनमधून सर गल्लीतून जातात. मालन डंक बंद करते, नाकावरचं फडकं खाली ओढते आणि विचारते, "चष्मा काढता काय?"

एकदा काढलाही होता, निकालाच्याच दिवशी, पेढा खाऊन. वाटलं, होऊन जाऊ दे. मालन समोर येऊन उभी राहिली, हात वर केला, आणि तळव्याकडे बघितलं. तो मनगटापर्यंत लाल होता.

"आज नको," ती म्हणाली. "डोळ्यात जाईल. नंतर या, हात धुतलेला असताना."

मागे स्टुलावर अनुजा हसत होती, कारण आत्याचा हात धुतलेला असा कधी नसतोच. आणि सरांची जोवर दिली जात नाही, तोवर आत्याच्या गालावर तिचीही नाही.